नाव खोडलं तरी माणूस उरतो

डेटा गोपनीयता हा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेला पीएच.डी.चा विद्यार्थी बहुतेक वेळा एखाद्या सूत्रापासून सुरुवात करतो. अमुक अल्गोरिदममध्ये सुधारणा, तमुक पद्धतीशी तुलना, अचूकतेत थोडी वाढ. असा प्रस्ताव संशोधन समितीपुढे फारशी खळखळ न होता मंजूरही होतो. अडचण व्हायव्हात येते. ‘तुमच्या पद्धतीमुळे नेमक्या कोणत्या माणसाची कोणती गोष्ट सुरक्षित राहिली?’ असं परीक्षकांनी विचारलं की आलेख पुष्कळ असतात, पण उत्तर नसतं. म्हणून माझा सल्ला उलटा आहे. आधी तक्ता उघडा, त्यातल्या एका ओळीत कोण माणूस बसला आहे ते पाहा, आणि मग सूत्राकडे वळा. हे पाहायला तुम्ही शिकवता त्या वर्गाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

या क्षेत्रातली काही पायाभूत कामं विद्यार्थ्यांच्या हातून झाली आहेत. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी एमआयटीत संगणकशास्त्रात पीएच.डी. करत होत्या. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या ग्रुप इन्शुरन्स कमिशनने सरकारी कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अशा सुमारे १,३५,००० लोकांच्या वैद्यकीय नोंदी नावं-पत्ते काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड मात्र तसेच ठेवले होते. स्वीनी यांनी २० डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची जन्मतारीख असलेले सहा मतदार निघाले. त्यांत पुरुष तीन, आणि वेल्ड यांच्या झिप कोडमध्ये राहणारे एकटे वेल्ड. पुढे १९९० च्या जनगणनेवरून स्वीनी यांनी हिशेब मांडला की या तीन रकान्यांवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. पिएरांजेला समाराती यांच्याबरोबर त्यांनी मांडलेली के-अनामिकतेची कल्पना या कामातूनच पुढे आली: प्रत्येक ओळ किमान आणखी के-१ ओळींसारखी दिसली पाहिजे.

ही गोष्ट सगळे सांगतात. तिचा पुढचा भाग मात्र विद्यार्थ्यांपर्यंत क्वचितच पोहोचतो, आणि तोच तुमच्या जास्त कामाचा आहे. २००६ मध्ये फिलिप गोल यांनी २००० च्या जनगणनेवर तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा आकडा सुमारे ६३ टक्के आला. २०१२ मध्ये डॅनियल बार्थ-जोन्स यांनी दाखवून दिलं की केंब्रिजच्या मतदारयादीत शहरातली सगळी प्रौढ माणसं नव्हतीच. यादीत एकटा सापडलेला माणूस शहरातही एकटाच आहे, असं त्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय वेल्ड १९९६ साली एका पदवीदान समारंभात कोसळले होते आणि ती बातमी सर्वत्र झाली होती, त्यामुळे त्यांची नोंद ताडून पाहणं सोपं होतं. याने स्वीनी यांच्या कामाचं मोल कमी होत नाही. पण ‘८७ टक्के’ उचलून आपल्या पहिल्या प्रकरणात बसवण्याआधी तो आकडा कशावरून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

हाच हिशेब आपल्याकडे करून बघा. भारतात सुमारे १९,००० पिनकोड आहेत. लोकसंख्या १४० कोटी धरली तर एका पिनकोडमध्ये सरासरी ७३-७४ हजार माणसं येतात. ऐंशी वर्षांच्या जन्मतारखा आणि दोन लिंगं यांच्या जोड्या होतात ५८,४००. म्हणजे जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड कळला तर एका खणात सरासरी सव्वा माणूस बसतो. कागदावर हे भयंकर दिसतं. पण आता गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर आठवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे. मुलगा शाळेत घालायला आणला, आईबापांना नेमकी तारीख माहीत नाही, शाळा जूनमध्ये सुरू होणार. गुरुजींनी वयाच्या अंदाजाने वर्ष धरलं आणि १ जून लिहून टाकलं. पुढे दाखला, रेशनकार्ड, आधार, पेन्शन, सगळीकडे तीच तारीख चालत आली.

याचा अर्थ असा की आपल्या तक्त्यात सरासरीला फारसा अर्थ नाही. १ जूनवाले आजोबा गर्दीत लपलेले असतात. दवाखान्यात जन्मलेली, जन्मदाखल्यावर १७ नोव्हेंबर असलेली त्यांची नात त्याच पिनकोडमध्ये एकटी उघडी पडते. एकाच घरातल्या दोन माणसांना एकाच पद्धतीने मिळणारं संरक्षण इतकं वेगळं असेल, तर ‘सरासरी धोका’ सांगणारा प्रबंध नेमकं काय सांगतो? वयोगटानुसार, ग्रामीण-शहरी भागानुसार हे अंतर किती पडतं, तारखेऐवजी फक्त वर्ष दिलं तर ते किती मिटतं, हा अभ्यास चांगला प्रबंध होऊ शकतो, आणि तो इथे बसूनच करायला हवा.

असे धागे आपल्या तक्त्यांत जागोजागी आहेत. मराठी नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, म्हणजे एका ओळीत दोन माणसं येतात. एखाद्या वाडीत एखादं आडनाव एकाच घराचं असतं. जातीचा प्रवर्ग, तालुका आणि अपंगत्वाचा प्रकार हे तीन रकाने एकत्र आले की खुर्द-बुद्रुकच्या पातळीवर नाव सांगायची गरज उरत नाही. एक मोबाइल नंबर सगळ्या घराचा असतो. आशाताईंच्या नोंदवहीत सुनेच्या नावापुढे सासऱ्याचा नंबर सापडतो. तिच्या गरोदरपणाची माहिती देणारा मेसेज त्या नंबरवर गेला की गोपनीयता मोडते, आणि त्यासाठी कोणी काही हॅक केलेलं नसतं.

म्हणूनच सगळा प्रबंध ‘अॅडल्ट’ डेटासेटवर उभा करू नका. १९९४ च्या अमेरिकी जनगणना विभागाच्या माहितीतून काढलेल्या या संचात ४८,८४२ नोंदी आहेत आणि अनामिकतेवरचे शोधनिबंध वर्षानुवर्षं त्याच्यावर तपासले जातात. इतरांशी तुलना करायला तो हवाच. एक तक्ता त्याचा द्या. पण त्यात १ जून नाही, वाडी नाही, सासऱ्याचा मोबाइल नाही. सांख्यिकी मंत्रालयाकडून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचा घटक-स्तरीय डेटा नोंदणी करून मिळतो. त्यावर काम करताना बार्थ-जोन्स यांचा मुद्दा विसरू नका: नमुन्यात एकमेव असलेली ओळ लोकसंख्येतही एकमेव असतेच असं नाही. दोन्ही आकडे वेगळे काढा आणि वेगळेच लिहा.

आता शिकवण्याकडे येऊ. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी. विद्यार्थ्याला आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचं काम देता येतं. शिवाय आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालयात पूर्णवेळ शिकवत पीएच.डी. करणारे कितीतरी आहेत. हे तास म्हणजे संशोधनातून कापलेला वेळ, असं समजू नका. गोपनीयतेचा युक्तिवाद साठ मुलांना समजावता येत नसेल तर तो तुम्हालाही पुरता समजलेला नसतो. आणि वर्गातला डेटा तर मुलांच्या ओळखीचाच असतो.

पहिला तास निकालाच्या यादीवर घ्या. नावं काढून फक्त रोल नंबर आणि गुण लावले की निनावी झालं, असं आपण सगळे मानतो. मुलांना विचारा, किती जणांचे गुण ओळखता येतील? रोल नंबर आडनावाच्या क्रमाने दिलेले असतात, पहिले चार-पाच आणि शेवटचे चार-पाच कोण हे सगळ्या वर्गाला पाठ असतं, आणि मधल्यांचे नंबर प्रॅक्टिकलच्या बॅचवरून कळतात. मग अध्यापकांविषयीच्या ‘निनावी’ फीडबॅक फॉर्मकडे या. मेकॅनिकलच्या डिव्हिजनमध्ये तीनच मुली आहेत आणि फॉर्ममध्ये लिंगाचा रकाना आहे. त्यांपैकी एकीने लॅबमधल्या वागणुकीबद्दल तक्रार लिहायची की नाही? हा प्रश्न वर्गात मोठ्याने विचारला की छोट्या गटाचा धोका म्हणजे काय ते सूत्राशिवाय समजतं, आणि रकाना काढून टाकण्याची सूचना मुलंच करतात. यादी मात्र बनवलेली वापरा. खऱ्या मुलांचे खरे गुण फळ्यावर आणू नका.

त्याच तासाला सरासरीही घ्या. साठ जणांची सरासरी ६२.५ आणि एका विद्यार्थ्याला वगळून उरलेल्या ५९ जणांची ६२.८१. दोन्ही आकडे निरुपद्रवी वाटतात. बेरजा काढा: ३,७५० आणि ३,७०५.८. वगळलेल्या मुलाला ४४ गुण आहेत. एकत्रित आकडेवारीत व्यक्ती दिसत नाही, हा समज एका वजाबाकीत मोडतो. २००३ मध्ये इरित दिनूर आणि कोबी निसिम यांनी याच दिशेने सिद्ध केलं की पुरेशा प्रश्नांना फार अचूक उत्तरं देत राहिलं तर जवळजवळ सगळा मूळ डेटा पुन्हा उभा करता येतो. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क, फ्रँक मॅकशेरी, निसिम आणि अॅडम स्मिथ यांनी मांडलेली डिफरन्शियल प्रायव्हसी ही त्यावरची मोजता येणारी तोड. उत्तरात मोजून-मापून गोंगाट मिसळायचा, म्हणजे एक माणूस डेटात असला काय आणि नसला काय, उत्तर फारसं बदलत नाही.

ही कल्पना शिकवताना थेट एप्सिलॉनचं, म्हणजे एका माणसामुळे उत्तर किती बदलू शकतं ते मोजणाऱ्या आकड्याचं, सूत्र फळ्यावर लिहिलं तर अर्धा वर्ग गेला म्हणून समजा. नाणं वापरा. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये नाजूक प्रश्नांच्या सर्वेक्षणासाठी सुचवलेल्या युक्तीचं हे सोपं रूप आहे. प्रश्न असा घ्या: ‘या सेमिस्टरला तुम्ही दुसऱ्याचं जर्नल बघून उतरवलंत का?’ प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं, आणि त्या वेळी छाप्याला ‘हो’, काट्याला ‘नाही’ म्हणायचं. समजा साठांपैकी छत्तीस हात वर आले. साधारण तीस जणांनी नाण्याचं उत्तर दिलं, त्यातले पंधरा ‘हो’ नुसते नाण्याचे. उरले एकवीस, तेही खरं बोलणाऱ्या तिसांतले. म्हणजे सुमारे ७० टक्के मुलांनी जर्नल उतरवलं, असा अंदाज निघतो. हात वर केलेल्या कोणत्याही एका मुलाबद्दल मात्र तुम्ही खात्रीने काही म्हणू शकत नाही.

इथे थांबू नका, कारण पुढची दहा मिनिटं सर्वात मोलाची आहेत. उतरवणारा मुलगा ‘हो’ म्हणण्याची शक्यता तीन चतुर्थांश, न उतरवणारा ‘हो’ म्हणण्याची एक चतुर्थांश. गुणोत्तर तीन, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम सुमारे १.१. हाच तुमचा एप्सिलॉन, आणि तो नाण्यातून आलेला असल्यामुळे मुलं तो विसरत नाहीत. मग किंमत दाखवा. साठ जणांच्या वर्गात या अंदाजाची प्रमाण त्रुटी सुमारे १३ टक्केबिंदूंची असते, सहाशे जणांत ती चारवर येते. मोठ्या कंपन्यांना ही पद्धत परवडते आणि एका प्राथमिक आरोग्य केंद्राला ती का परवडत नाही, हे त्या दोन आकड्यांत आहे. २०१४ मध्ये गूगलने क्रोमसाठी मांडलेल्या रॅपोर पद्धतीच्या मुळाशी हीच कल्पना आहे. तोच प्रश्न त्याच वर्गाला रोज विचारून दर वेळी नवं नाणं उडवलं तर काय होईल, हे गृहपाठाला द्या. गोपनीयतेचं बजेट, म्हणजे एकूण किती एप्सिलॉन खर्च करायचा ती मर्यादा, कसं संपतं ते मुलं स्वतः शोधतील.

प्रॅक्टिकलला हॅशिंग घ्या. ‘आम्ही मोबाइल नंबर हॅश करून साठवतो, त्यामुळे डेटा निनावी आहे’ हे वाक्य तुम्हाला अहवालांत वारंवार भेटेल. आपले मोबाइल नंबर दहा अंकी, पहिला अंक ६ ते ९. एकूण शक्यता ४०० कोटी. साधा लॅपटॉप काही तासांत सगळ्यांचे हॅश काढून जोड्या लावू शकतो. न्यूयॉर्क शहराच्या टॅक्सी-फेऱ्यांचा २०१३ चा डेटा २०१४ मध्ये बाहेर आला, तेव्हा टॅक्सीचे आणि चालकांचे क्रमांक एमडी-५ या हॅशने झाकले होते. शक्यता मोजक्याच असल्याने ते लगेच उलगडले. मुलांना प्रयोगासाठी तुम्हीच पाच काल्पनिक नंबर द्या. कोणाचाही खरा नंबर नको.

‘खरा नको’ हे मी पुन्हा पुन्हा सांगतो आहे ते सवयीने नव्हे. या विषयात हल्ला करून दाखवणं हा संशोधनाचाच भाग आहे, आणि हल्ला ज्याच्यावर होतो तो माणूस तुमच्या प्रयोगाला संमती द्यायला समोर नसतो. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये सुमारे ४.८ लाख ग्राहकांची १० कोटी मानांकनं स्पर्धेसाठी खुली केली. अरविंद नारायणन तेव्हा टेक्सास विद्यापीठात पीएच.डी. करत होते. त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक विताली श्मातिकोव्ह यांनी दाखवलं की एखाद्याची आठ मानांकनं माहीत असली, त्यांतली दोन चुकीची असली आणि तारखा दोन आठवडे इकडेतिकडे असल्या, तरी ९९ टक्के नोंदी ओळखता येतात. ताडून पाहण्यासाठी त्यांनी आयएमडीबीवरची लोकांनी स्वतः जाहीर केलेली मानांकनं वापरली, तीही मोजक्याच लोकांची, आणि कोणाचंही नाव छापलं नाही. नेटफ्लिक्सने पुढची स्पर्धा २०१० मध्ये रद्द केली. तिकडे मेलबर्न विद्यापीठाच्या ख्रिस कल्नेन, बेंजामिन रुबिन्स्टाइन आणि व्हनेसा टीग यांना २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या खुल्या आरोग्य-डेटात डॉक्टरांचे झाकलेले क्रमांक उलगडता आले. त्यांनी आधी आरोग्य खात्याला कळवलं, डेटा मागे घेतला गेला. त्यानंतर लगेच तिथल्या सरकारने अशी पुनर्ओळख हाच गुन्हा ठरवणारं विधेयक आणलं, आणि त्यात संशोधकही सापडण्याची भीती होती. ते विधेयक पुढे बारगळलं. पण चांगल्या हेतूने केलेलं काम कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतं, हे तुमच्या गाईडला पहिल्याच वर्षी माहीत असलेलं बरं.

आपल्याकडची चौकटही वाचून ठेवा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. कायद्याच्या कलम १७ मध्ये संशोधन आणि सांख्यिकीसाठी सूट आहे, पण ती दोन अटींवर: त्या डेटावरून विशिष्ट व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. ‘आम्ही संशोधन करतो’ एवढं म्हणून भागत नाही. टेलिग्रामवर फिरणारे फुटलेले डेटाबेस तर डाउनलोडच करू नका, मग ते कितीही ‘सार्वजनिक’ झालेले असोत. आपली मतदारयादी संकेतस्थळावर दिसते, तिच्यात नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग असतं. ती दुसऱ्या डेटाशी जोडण्याचा प्रयोग करायचा असेल तर आधी संस्थेच्या नैतिकता समितीकडे जा. जोडणीची शक्यता खऱ्या यादीला हात न लावता, कृत्रिम यादी बनवूनही मोजता येते, आणि बहुतेक प्रबंधांना तेवढं पुरतं.

प्रबंधात एप्सिलॉनची किंमत लिहिताना दोन गोष्टी कधीही वगळू नका. ती किंमत का निवडली, आणि ती कोणाचं संरक्षण करते. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत मतदारसंघांच्या फेररचनेसाठी दिलेल्या आकडेवारीला एकूण एप्सिलॉन सुमारे १९.६ होता. शोधनिबंधांत दिसणाऱ्या १ किंवा ०.१ पेक्षा तो कितीतरी मोठा आहे, आणि त्यावर अजूनही वाद होतो. जो आकडा निवडाल त्यामागचं कारण द्या. संरक्षणाचं एककही स्पष्ट लिहा. एक नोंद, एक व्यक्ती, की एक कुटुंब? जिथे घरात एकच फोन आहे तिथे व्यक्ती हे एकक धरून दिलेली हमी अपुरी पडते, कारण सासरे, सून आणि नातू मिळून एकच ‘वापरकर्ता’ होतात किंवा एकाच नंबरमागे तिघांच्या नोंदी पसरतात. हे तुमच्या व्याख्येत यायला हवं, मर्यादांच्या शेवटच्या परिच्छेदात नव्हे.

साधनांची फार चिंता करू नका. के-अनामिकता आणि तिच्या पुढच्या रूपांसाठी एआरएक्स, डिफरन्शियल प्रायव्हसीसाठी ओपनडीपी, दोन्ही मोफत आणि मुक्त आहेत. वाचनासाठी गोपनीयतेवरचं ‘पॉपेट्स’ हे नियतकालिक आणि युझनिक्स सिक्युरिटी ही परिषद यांचे सगळे निबंध विनामूल्य मिळतात. पॉपेट्सकडे वर्षातून चार वेळा निबंध पाठवता येतो, त्यामुळे एकदा परत आलेला निबंध सुधारून पाठवायला वर्ष वाया जात नाही. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या जर्नल्सच्या वाटेला जाऊ नका. यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती काढली आहे, तेव्हा ती घाई कशासाठी?

शेवटी प्रबंध जमा करताना परिशिष्टं उघडून एकेक पान तपासा. सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, ‘डेटाचा नमुना’ म्हणून दिलेल्या पहिल्या दहा ओळी, सर्वेक्षणाचे भरलेले फॉर्म, परवानगीच्या पत्रांवरचे मोबाइल नंबर, कृतज्ञतेच्या पानावर गावासकट आलेली सहभागी व्यक्तींची नावं. प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि जगात कोणालाही तो शोधता येतो. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली असेल तर पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी होतो का, ते करून पाहा. होत असेल तर पट्टीवर विसंबू नका. तो मजकूर मूळ फाइलमधूनच काढा आणि पीडीएफ नव्याने तयार करा.